सूज आहे, उतरेल

डॉक्टर चेतना गजभियेला कॅनडात डॉक्टर व्हायचं होतं, आणि त्यासाठी आधी तिला हे सिद्ध करावं लागणार होतं की ती डॉक्टर आहे. रायपूरच्या समता कॉलोनीतल्या तिच्या दवाखान्यात कुणाला हे सांगितलं असतं तर तो हसून लोटपोट झाला असता. ज्या बाईनं अर्ध्या कॉलोनीची पोरं लहानाची मोठी होताना पाहिली, जिच्या नुसत्या "काही नाही, जा घरी" म्हणण्यानं लोकांचा ताप उतरायचा, तिची डॉक्टरकी खरी की खोटी हे सातासमुद्रापलीकडचे लोक तपासणार! पण तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. तिथूनच तिच्या मनाला टोचणी लागली.

नवरा प्रशिक वर्षभरापूर्वीच तिकडे गेला होता, मुलगा नीलला घेऊन. प्रशिक संगणकाच्या कामातला. संगणकवाल्याला कुठे कुणी विचारत नाही, की बाबा रे, तुझा संगणक खरा कशावरून. तो विमानात बसला आणि पुढच्या आठवड्यात कामाला लागला. डॉक्टरचं तसं नसतं. पदवी खरी आहे का, हे तिकडची मंडळी थेट कॉलेजला विचारतात, मधल्या कुणाचा भरवसा नाही. मग इंग्रजीची परीक्षा. मग संगणकावर बसून ज्ञानाची परीक्षा, जी चेतनानं रात्री जागून, कूलरच्या घरघरीत पाठ करून पास केली. मग प्रात्यक्षिक, तेही तिकडे जाऊन द्यायचं. ते पार पडलं की बारा आठवडे तिथल्या एखाद्या डॉक्टरच्या नजरेखाली पेशंट तपासायचे, आणि त्यानं मान डोलावली तर परवाना. तोही फुकट नाही. जिथे कुणी डॉक्टर जायला तयार नसतो अशा एखाद्या लहान गावात काही वर्षं काढायची.

या सगळ्यात आणखी एक अट होती. तुमची प्रॅक्टिस चालू पाहिजे. मध्ये खंड पडला तर अर्ज बाद. म्हणजे ज्या पेशंटना सोडून जायचं, त्यांनाच जाण्याच्या दिवसापर्यंत तपासत राहायचं. चेतना रोज संध्याकाळी खुर्चीत बसायची, लोक आपली दुखणी तिच्यापुढे मांडायचे, "पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवा" असं ती म्हणायची आणि मनात चरकायची. पुढचे किती महिने आपण आहोत, हे तिला ठाऊक होतं, समोरच्याला नव्हतं.

विनोदिनीबाई धाबेकर या तिच्या अगदी पहिल्या पेशंटांपैकी. पुरानी बस्तीतलं घर, नवरा अनंतराव जाऊन बरीच वर्षं झालेली. स्वतः पाटबंधारे खात्याच्या कचेरीत मोठ्या बाबू होत्या, आणि लोक असं म्हणत की त्या निवृत्त झाल्या तेव्हा साहेबांना सुट्टी घ्यावीशी वाटली, इतका त्यांचा वचक. त्या जुन्या घरांमध्ये नवा डॉक्टर आला की आधी त्याचं आडनाव विचारतात. विनोदिनीबाईंनी ते विचारलं नाही. त्यांनी दवाखान्याची वेळ विचारली, आणि दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी येऊन बसल्या. पुढे आख्ख्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका त्यांनीच आणल्या. चेतना हे कधी विसरली नाही, म्हणून तर पुढचं सगळं तिला इतकं जड गेलं.

गेल्या दिवाळीत विनोदिनीबाईंना कावीळ झाली. चेतनानंच मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथे तपासण्या झाल्या, आत नळी घालून कावीळ उतरवली. सगळे रिपोर्ट मुलाच्या, निरंजनच्या, हातात. निरंजन सिलतऱ्याच्या एका कारखान्यात हिशेबनीस. तो दवाखान्यातला शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाहेर बाकावर बसला, मग आत येऊन रिपोर्ट टेबलावर ठेवले. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, यकृतात पसरलेला. मोठ्या डॉक्टरांनी महिन्यांची भाषा केली होती.

"दीदी, मम्मी को मत बताइए," निरंजन म्हणाला. घरात मराठी समजायची सगळ्यांना, पण तो उत्तर हिंदीतच द्यायचा. "वो टूट जाएगी. मैंने अस्पताल में भी सबको मना किया है. लेकिन वो सिर्फ आपकी बात मानती है."

यात निरंजनचं काही जगावेगळं नव्हतं. आपल्याकडे असंच चालतं. डॉक्टर बाहेर येतो, घरातल्या कर्त्या माणसाला बाजूला घेतो, हळू आवाजात सांगतो, आणि आत ज्याचा जीव चाललाय त्याला सफरचंद कापून देतात. याला कुणी खोटं म्हणत नाही, याला काळजी म्हणतात. चेतनानंही आजवर अनेक घरांत हेच केलं होतं, आणि चांगल्या मनानं केलं होतं. तिनं मान हलवली.

दोन दिवसांनी विनोदिनीबाई स्वतः आल्या. खुर्चीत ताठ बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"निरंजन काय सांगते त्यावर माझा भरोसा नाही. लहानपणापासून नापास झाला का मार्कशीट लपवे. मले तुमी सांगा, काय निघालं?"

"सूज आहे, काकू," चेतना म्हणाली. "स्वादुपिंडाला. औषधानं उतरेल."

"नक्की?"

"नक्की."

विनोदिनीबाईंनी लगेच विषय बंद केला. तुम्ही सांगितलं ना, मग झालं, एवढंच म्हणाल्या. चेतनाला वाटलं होतं, त्या आणखी दोन प्रश्न विचारतील, उलटतपासणी करतील, आणि आपण अडकू. त्यांनी विश्वास टाकला आणि उठल्या.

जाता जाता दाराशी थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, आणि या साऱ्या कहाणीचा जीव त्यातच आहे. विदर्भात, वरूडला, त्यांची थोरली बहीण होती, मंदाकिनी. तिचे यजमान शामराव वारले तेव्हा विनोदिनीबाईंच्या घरी निरंजनचं लग्न उभं होतं, त्याला हळद लागलेली. लग्नघरातून मौतीच्या घरी जात नाहीत, म्हणून त्या गेल्या नाहीत. लग्न झालं, मग लग्नाचं सोळावं झालं, मग उशीर झाल्याची लाज वाटायला लागली. मंदाकिनीबाईंनी बोलणं टाकलं. फोन केला की नाव पाहून उचलायच्या नाहीत. दुःखात भेटायला यायचं असतं ते स्वतःच्या पायानं, फोनवर नाही, हे दोघी बहिणींना एकाच आईनं शिकवलं होतं.

"आता कावीळ उतरली हाय, तर जाऊन येतो मी," विनोदिनीबाई म्हणाल्या. "तिच्या ओट्यावर जाऊन बसतो. किती दिवस तोंड फिरवते पाहतो. जाऊ ना?"

डॉक्टर म्हणून चेतनाला स्वच्छ दिसत होतं, की या बाईला आता मिळणारे दोन-तीन महिने हेच तिचे उरलेले सर्वांत चांगले महिने आहेत. नळी बसली होती, अन्न जात होतं, पाय चालत होते. जायचं असेल तर आत्ताच. पण निरंजननं आधीच बजावून ठेवलं होतं. वरूडला गेली, तिथे एखाद्या डॉक्टरनं पाहिलं, कुणी बोलून गेलं, तर? खोटं सांगितलं की मग त्याच्यावर पहारा द्यावा लागतो.

"जरा ताकद येऊ द्या, काकू," ती म्हणाली. "घाई कशाला?"

मार्गशीर्षात त्यांनी पुन्हा विचारलं. तिकीटही काढायला सांगितलं होतं. चेतनानं पुन्हा तेच उत्तर दिलं, आणि त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही.

आता नियतीची थट्टा म्हणा किंवा अभ्यासक्रम म्हणा, त्याच दिवसांत तिची प्रात्यक्षिक परीक्षेची तयारी जोरात होती. ही परीक्षा मोठी गमतीची. एकेका खोलीत एकेक नट किंवा नटी पेशंट होऊन बसलेली असते, दारावर थोडी माहिती लावलेली, आत जायचं, मिनिटं मोजून दिलेली, आणि तुम्ही पेशंटशी कसं बोलता हे परीक्षक कोपऱ्यात बसून पाहणार. वाईट बातमी कशी सांगावी, याची तिकडे रीतसर पायरी-पायरीनं पद्धत. खाली बसा. आधी विचारा, तुम्हाला काय काय माहीत आहे. मग विचारा, तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल. मग साध्या शब्दांत सांगा. मग गप्प बसा.

सरावासाठी पेशंट व्हायचे तिचे वडील, तुळशीराम. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. नाटकात कधी काम केलं नाही, त्याची सगळी हौस त्यांनी या मरणाच्या भूमिकेत फेडून घेतली.

"आज काय झालं हाय मले?" ते पलंगावर आडवे होत विचारायचे.

"बाबा, पोटात गाठ आहे. सांगू नका ना आधीच, मला विचारू द्या."

"पोट्टी, रोजच मारून राहिली मले. एखाद्या दिवशी नुसती सर्दी होऊ दे."

ती हसायची आणि मग पाठ केलेलं म्हणायची, तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल? एकदा हा प्रश्न ऐकून तुळशीराम उठून बसले.

"असं खरंच विचारतात का तिकडं? पेशंटले?"

"हो."

"तुझ्या आईच्या टायमाले डॉक्टरनं मलेच बाजूले नेलं होतं. मी तिले काहीच सांगितलं नाही. शेवटपर्यंत म्हणे, यंदा कूलर नवा घेऊ." ते पुन्हा आडवे झाले. "चाल, पुढं विचार. मले गाठ हाय ना?"

त्या दिवशी सराव पुढे झाला नाही. चेतनानं चहा केला. तिच्या डोक्यात एकसारखं येत राहिलं की उद्या दवाखान्यात जाऊन विनोदिनीबाईंना हा एवढा एक प्रश्न विचारावा. उत्तर "नको, मला नका सांगू" असं आलं तर सुंठेवाचून खोकला गेला. पण "सांगा" आलं तर? मग "नक्की" हा शब्द आपण कोणत्या तोंडानं उच्चारला होता, ते सांगावं लागेल. तिनं विचारलं नाही. परीक्षा होऊ दे, म्हणाली. माणूस स्वतःलाही तारखा देतो.

फाल्गुनात ती परीक्षेला गेली. निघण्याआधी तिनं शेवटी पेशंटना सांगून टाकलं, की पुढेमागे आपण जाणार. लोकांनी अभिनंदन केलं, काहींचे चेहरे पडले. विनोदिनीबाई तेव्हा बऱ्याच वाळल्या होत्या. त्यांनी तिच्या हातावर दही-साखर ठेवली आणि विचारलं, "तुमी येईपर्यंत ताकद येईल ना? मग जातो वरूडले." चेतना हो म्हणाली. दही खाऊन हो म्हणाली.

त्या परीक्षेत काय विचारलं ते बाहेर फोडायचं नाही, असं लिहून घेतात. म्हणून तिनं वडिलांनाही काही सांगितलं नाही, आणि आपणही फार खोलात जायला नको. एवढंच सांगायला हवं, की एका खोलीत तिला एका म्हाताऱ्या बाईला वाईट बातमी सांगायची होती, आणि बाईच्या मुलानं आधीच फोन करून सांगितलं होतं, की आईला कळू देऊ नका. चेतना खाली बसली. तिनं विचारलं, तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल. नटी म्हणाली, सगळं. चेतनानं सांगितलं, साध्या शब्दांत, आवाज न कापू देता, आणि मग गप्प बसली. त्या नटीच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. घंटा वाजली, पुढच्या दाराशी जायचं होतं, आणि चेतनाला दारावरचं अक्षर दिसेना. एका अनोळखी बाईला, जिला काहीही झालेलं नाही, जी संध्याकाळी घरी जाऊन मजेत जेवणार आहे, तिला आपण खरं सांगितलं. मार्कांसाठी सांगितलं. आणि जिनं आपला दवाखाना उभा केला तिला आपण फसवलं.

मे महिन्यात निकाल आला. पास. लगोलग एका लहान गावात बारा आठवड्यांसाठी बोलावणंही आलं. प्रशिक फोनवर ओरडला, नील मागून नाचत होता. तुळशीराम गल्लीत पेढे वाटून आले आणि मग पंख्याखाली एकटेच बसून राहिले. त्यांना सोडून जाण्याचं दुःख उघड होतं, बोलून झालेलं होतं. दुसरं तसं नव्हतं.

निरंजनचा निरोप आला, की मम्मी अंथरुणाला खिळली आहे, तुम्हाला भेटायचं म्हणते. टळटळीत दुपारी चेतना पुरानी बस्तीत गेली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. निरंजननं दार उघडलं, आणि उंबऱ्यातच तिनं सांगून टाकलं.

"निरंजन, मी आज काकूंना विचारणार आहे, त्यांना किती जाणून घ्यायचंय. त्यांनी सांगा म्हटलं तर सांगणार."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "अब? अब क्यों दीदी?"

"आधीच विचारायला हवं होतं म्हणून."

"आप तो बोलके प्लेन में बैठ जाओगी," तो दबक्या आवाजात म्हणाला. "उनका चेहरा तो मुझे देखना है, रोज."

हीच शंका चेतनाला स्वतःलाही खात होती. आपण त्या बाईसाठी चाललो आहोत, की जाण्याआधी स्वतःच्या डोक्यावरचं ओझं तिच्या उशाशी ठेवायला? खरं सांगायचं तर दोन्ही होतं. पण वेगळं करत बसायला वेळ उरला नव्हता. निरंजन बाजूला झाला.

विनोदिनीबाई उशीला टेकून होत्या. चेहऱ्याची नुसती हाडं राहिलेली, डोळे मात्र तेच कचेरीतले. चेतना खुर्ची ओढून खाली बसली.

"काकू, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?"

"हे काय विचारणं झालं?" त्या म्हणाल्या. "सांगा. सारं सांगा."

चेतनानं सांगितलं. परीक्षेत जमलं होतं तसं काही जमलं नाही. आवाज कापला, वाक्यं तुटली, मध्येच ती "मला माफ करा" म्हणाली, जे कुठल्याही पायरीत बसत नाही. विनोदिनीबाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. स्वयंपाकघरात सुनेच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"दिवाळीतच माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे ताकद येणार नव्हतीच."

"नाही."

"मार्गशीर्षात मी चालत होती. बाजार करून राहिली होती मी. तवा जाऊ शकली असती?"

"हो, काकू. तेव्हा जाऊ शकला असतात."

विनोदिनीबाईंनी डोळे मिटले. चेतनाला वाटलं, आता त्या रडतील, आणि मनातून तिला ते हवंही होतं, कारण रडणाऱ्या माणसाचा हात धरता येतो. त्या रडल्या नाहीत.

"आणि आता?"

"आता प्रवास झेपणार नाही."

"हे निरंजन म्हणते का तुमी म्हणता?"

"मी म्हणते. खरं म्हणते."

दाराशी निरंजन भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याचे खांदे हलत होते. आईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तू रडू नको बाबू. तुले काय समजते." मग विनोदिनीबाई चेतनाकडे वळल्या.

"मंदाकिनीले फोन लावा."

"तुमच्या फोनवरून लावू?"

"माझा नंबर पाहून उचलत नाही ती. तुमच्यावरून लावा. बोलायचंही तुमीच. मी बोलली तर तिले वाटेल, आताही बहाणाच करून राहिली."

चेतनानं नंबर लावला आणि, विनोदिनीबाईंनी खूण केली म्हणून, आवाज मोठा केला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग एक जाड, कंटाळलेला आवाज आला.

"कोन बोलते?"

"मावशी, मी रायपूरहून बोलतेय. डॉक्टर चेतना. विनोदिनीकाकूंवर मी उपचार करते."

मग तोच आवाज, पण पार उतरलेला. "काय झालं तिले? बरी हाय ना?"

सवयीनं चेतनाच्या जिभेवर तेच आलं, काही काळजीचं नाही. तिनं ते गिळलं.

"नाही, मावशी. बऱ्या नाहीत. त्यांना कॅन्सर आहे आणि आता फार दिवस नाहीत. त्या तुमच्याकडे यायला निघाल्या होत्या. दिवाळीनंतर निघाल्या होत्या, मार्गशीर्षात पुन्हा निघाल्या होत्या. मी त्यांना येऊ दिलं नाही."

"काहून?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

चेतनानं फोन विनोदिनीबाईंच्या तोंडाजवळ नेला. त्यांनी तो हातानं हळूच परत तिच्याकडे सरकवला.

"सांगा न्, काहून ते," त्या म्हणाल्या. "मलेही ऐकायचं हाय."